मराठवाड्यातून कोकणात पक्षी पाहायला जाताना : पहाटेआधी तिथी पाहा

मराठवाड्यातले एखादे कुटुंब फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये कोकणात जाते, जायकवाडीवर लागलेल्या सवयीने पहाटे साडेपाचला मुलांना उठवून किनाऱ्यावर उभे राहते, दोन तास कावळे, घारी आणि भटकी कुत्री पाहते आणि ‘इथे पक्षीच नाहीत’ असे ठरवून परत फिरते. ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. पहिल्या वर्षी दापोलीजवळ सलग तीन पहाटा वाया घालवून मी स्वतःही तीच केली होती. चौथ्या दिवशी जाळे वाळत घालणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी विचारले, ‘पाणी कधी चढतंय ते बघितलंत का?’ मी बघितले नव्हते.

जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी महिन्यांच्या हिशोबाने उतरते, समुद्राचे तासांच्या हिशोबाने. धरणावर पक्ष्यांचा दिवस उजेडाने सुरू होतो. किनाऱ्यावरच्या चिखल्या, तुतवार, कोरल या पक्ष्यांचा दिवस पाणी ओसरले की सुरू होतो, मग तेव्हा पहाट असो, भर दुपार असो वा रात्र. म्हणून या लेखातील पहिला टप्पा सर्वांत लांब आहे. तो चुकला तर पुढचे सगळे नीट करूनही फारसे हाती लागत नाही.

टप्पा १ : तारीख ठरवणे (किमान तीन आठवडे आधी)

तारीख ठरवताना आधी तिथी पाहावी, रविवार नंतर जुळवावा. कोकणातील जुना ठोकताळा असा आहे, की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले असता भरतीची साधारण वेळ मिळते. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही तिथी पंधरा धराव्यात. दिवसातून दोन भरत्या येतात आणि त्यांच्यात सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी लागते. दुसऱ्या दिवशी हीच वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते.

उदाहरणे करून पाहू.

- कृष्ण त्रयोदशी : १३ × पाऊण, म्हणजे भरती पावणेदहाच्या सुमारास.
- महाशिवरात्र, म्हणजे माघ वद्य चतुर्दशी : भरती साडेदहाला.
- अमावास्या : भरती सव्वाअकराला.
- शुक्ल द्वितीया : भरती दुपारी दीडला, ओहोटी सकाळी सव्वासातला.
- अष्टमी : भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाला, ओहोटी भर दुपारी सव्वाबाराला.

पक्षी पाहायला सर्वांत चांगला वेळ हा पूर्ण ओहोटीचा नसतो, पूर्ण भरतीचाही नसतो. तो भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास हा असतो. पूर्ण ओहोटीला पाणी दूर गेलेले असते, चिखल आणि ओली वाळू मैलभर पसरलेली असते आणि पक्षी तिच्यावर तिळासारखे विखुरलेले असतात. पाणी चढू लागले की खाण्याची जागा आक्रसत जाते आणि तेच पक्षी थव्याने किनाऱ्याकडे, म्हणजे तुमच्याकडे, ढकलले जातात. पूर्ण भरतीला ते वाळूच्या पट्टीवर किंवा खडकावर एका पायावर उभे राहून, चोच पाठीत खुपसून विश्रांती घेतात. त्या वेळी चोच दिसत नाही, पाय दिसत नाहीत आणि ओळख पटणे अवघड होते.

दुसरी बाब उन्हाची. कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य सह्याद्रीकडून, म्हणजे आपल्या पाठीमागून येतो आणि समुद्राकडचा प्रत्येक पक्षी उजळून निघतो. संध्याकाळी सूर्य समोर असतो. फोटो सुंदर येतात, मात्र पक्षी काळ्या कागदाचे कात्रण दिसतो. सकाळचा प्रकाश आणि चढते पाणी हे दोन्ही एकत्र मिळतील अशा तिथी शोधायच्या आहेत. वरील हिशोबाने त्या त्रयोदशीपासून द्वितीयेपर्यंत येतात. याच दिवसांत उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते, त्यामुळे पक्ष्यांची ये-जाही ठळक होते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. त्या दिवसांत सकाळी सात ते नऊ हे उतरत्या पाण्याचे दोन तासच काय ते मिळतात.

सुदैवाने शाळांच्या वार्षिक परीक्षेआधी जोडून सुटी घेता येईल अशी महाशिवरात्र नेमक्या याच तिथीला येते. घरात औंढा नागनाथ, परळी किंवा वेरूळच्या दर्शनाचा नेम असेल तर तो पार पाडून दुसऱ्या दिवशी निघावे. मात्र दुसऱ्या दिवशी अमावास्या असते आणि अमावास्येला प्रवासाला बाहेर पडायचे नाही असा वडीलधाऱ्यांचा आग्रह असू शकतो. त्यावर वाद घालण्यापेक्षा द्वादशीलाच निघावे आणि दर्शन कोकणातल्या शंकराचे घ्यावे. फक्त कुणकेश्वर आणि हरिहरेश्वर येथे त्या दिवशी मोठी गर्दी असते, हे लक्षात घेऊन मुक्काम तिथे ठेवू नये. होळीची पौर्णिमाही पाण्याच्या हिशोबाने तितकीच चांगली आहे. पण शिमग्याला चाकरमानी गावी आलेले असतात, पालख्या निघालेल्या असतात आणि राहायला जागा मिळणे कठीण जाते. ज्यांना पालखी पाहायची आहे त्यांनी जरूर जावे, खोली मात्र फार आधी ठरवावी. दहावी-बारावीचे मूल घरात असेल तर हे दोन्ही मुहूर्त त्या वर्षापुरते सोडून द्यावेत.

इशारा : पाऊणपटीचा ठोकताळा तारीख निवडण्यापुरता आहे. निघण्यापूर्वी त्या दिवसांची भरती-ओहोटीची नेमकी वेळ मोबाईलवर पाहून कागदावर उतरवून घ्यावी, आणि ती जवळच्या बंदराची घ्यावी. मुंबईचे वेळापत्रक हातात धरून मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहणे ही नेहमीची चूक आहे. दक्षिणेकडे भरती अर्धा-एक तास आधी येते. पाण्याची चढ-उतारही मुंबईच्या मानाने मालवणकडे बरीच कमी असते.

टप्पा २ : मुक्काम कुठे करावा

प्रसिद्ध चौपाटीसमोरची खोली पक्षी पाहायला सहसा निरुपयोगी ठरते. उंटगाडी, घोडागाडी आणि पाण्यातल्या स्कूटरी असतात तिथे चिखल्या थांबत नाहीत. नकाशावर नदी किंवा खाडी समुद्राला मिळते ते ठिकाण शोधावे. मुखाशी गोड्या-खाऱ्या पाण्याचा चिखल, वाळूची पट्टी आणि मागे कांदळवन अशा तिन्ही गोष्टी एका फेरीत मिळतात. चिखलात किडे, बारीक खेकडे आणि शिंपले असतात, म्हणून पक्षीही तिथे येतात.

छत्रपती संभाजीनगर, जालना किंवा बीडहून पुण्यामार्गे जाणाऱ्यांना अलिबागजवळचे आक्षी आणि दापोली तालुक्यातील आंजर्ले, केळशी या खाड्या सोयीच्या आहेत. लातूर, धाराशिव आणि नांदेडकरांनी पुण्याचा वळसा घेऊ नये. सोलापूर, कोल्हापूर आणि आंबा घाट करून रत्नागिरीत उतरावे आणि भाट्ये येथे काजळी नदीच्या मुखाशी थांबावे. आणखी दोन दिवस हाताशी असतील तर कर्ली नदीच्या मुखावरचे देवबाग पाहावे. चार दिवसांत तीन ठिकाणे करू नयेत. एकाच खाडीवर तीन सकाळी बसल्याने जे दिसते ते तीन खाड्यांवर एकेक सकाळ धावून दिसत नाही.

घरगुती राहण्याची सोय ठरवताना मालकांना इतकेच विचारावे : खाडीचे मुख चालत किती अंतरावर आहे, मागे नारळी-पोफळीची वाडी आहे का, आणि सकाळी साडेसहाला चहा मिळेल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘गाडीने पाच मिनिटे’ असे आले तर दुसरे घर पाहावे, कारण अर्ध्यातून कंटाळलेल्या मुलाला किंवा आजींना परत आणून सोडण्यासाठी पूर्ण कुटुंबाला पक्षी पाहण्याची बैठक मोडावी लागते.

टप्पा ३ : दुर्बीण घरीच जुळवून घेणे

कुटुंबासाठी ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर रुंद भिंगांची, दुर्बीण पुरेशी आणि योग्य आहे. जास्त पट मोठे दाखवणारी दुर्बीण घेण्याचा मोह होतो, पण खाऱ्या वाऱ्यात हात हलतो आणि बारा किंवा सोळा पटीच्या दुर्बिणीतून पक्ष्याऐवजी थरथर दिसते. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी हलकी ८×३२ बरी.

दुर्बीण अंधूक दिसते म्हणून तिला दोष देणारे बहुतेक लोक ती आपल्या डोळ्यांना जुळवतच नाहीत. क्रम असा ठेवावा.

१. दोन्ही नळ्या मधल्या बिजागरीवर हलवून दोन वर्तुळांचे एक वर्तुळ दिसेपर्यंत जवळ-लांब कराव्यात.
२. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी वाट्या आत दाबाव्यात, नसेल तर बाहेर काढाव्यात.
३. उजव्या नळीचे पुढचे भिंग तळहाताने झाकावे आणि समोरच्या इमारतीवरच्या पाटीकडे डाव्या डोळ्याने पाहत मधले चक्र फिरवून अक्षर स्पष्ट करावे.
४. आता डावे भिंग झाकावे आणि मधल्या चक्राला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तेच अक्षर स्पष्ट करावे.
५. कडी कोणत्या खुणेवर आली ते पेनाने लिहून ठेवावे. ही खूण प्रत्येकाची वेगळी असते.

तपासणी : गच्चीवर बसून शेजारच्या तारेवरचा वेडा राघू मुलाला तीन सेकंदांत दुर्बिणीत पकडता येतो का, हे पाहावे. नजर पक्ष्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची असते. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधत बसलेले मूल पहिल्या अर्ध्या तासातच ती परत करून वाळूचा किल्ला बांधायला निघून जाते.

टप्पा ४ : जवळच्या पाण्यावर सराव

निघण्यापूर्वीचे दोन रविवार जायकवाडी, माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी किंवा गावच्या पाझर तलावाच्या काठी घालवावेत. समुद्रावर नवखा माणूस जिथे गोंधळतो ती कुळे इथेही असतात, फक्त इथे ती जवळून आणि थोड्या संख्येने दिसतात. सरावात पक्ष्यांच्या लांबलचक याद्या करू नयेत. मुलांना चार चाली दाखवाव्यात.

शेकाट्या लांब गुलाबी पायांवर पाण्यातून सावकाश चालतो. तुतवार काठाने चालताना शेपटी सतत खाली-वर हलवतो. चिखल्या चार पावले पळतो, एकदम थांबतो, टोचतो आणि पुन्हा पळतो. सुरय पाण्यावर मान खाली घालून उडतो आणि दगड पडावा तसा पाण्यात सूर मारतो, तर कुरव तसा सूर सहसा मारत नाही, तो पाण्यावर बसतो आणि पृष्ठभागावरून उचलून खातो. एवढ्या चार चाली ओळखता आल्या की कोकणातल्या निम्म्या पक्ष्यांचे कूळ रंग न पाहताही सांगता येते.

टिटवीचा आकार या सरावात डोळ्यांत पक्का बसवावा. समुद्रावर अंतराचा अंदाज चुकतो आणि त्यामुळे आकाराचाही. ‘टिटवीपेक्षा लहान की मोठा’ हा प्रश्न तिथे सर्वाधिक उपयोगी पडतो.

टप्पा ५ : सामान आणि प्रवास

प्रवास किमान आठ-दहा तासांचा आहे, म्हणून पहिल्या दिवशी पक्षी पाहण्याचा बेतच करू नये. धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्यावी; किनाऱ्यावरच्या पहिल्या सकाळी त्यांचाच आधार असतो. आपल्याकडचे ऊन कोरडे असते आणि कोकणातले दमट. पारा कमी दिसला तरी घाम जास्त जातो आणि तहान उशिरा लागते. दर माणशी एक लिटर पाणी, मीठ-साखर-लिंबू, टोपी आणि बसायला चटई बैठकीला लागतेच.

कपडे मातकट, खाकी किंवा फिकट हिरवे घ्यावेत. पांढरा शर्ट आणि भडक ओढणी थवा लांबवरून हेरतो. पायांत पट्ट्याच्या, घट्ट बसणाऱ्या सँडल असाव्यात. अनवाणी खडकावर गेल्यास कालवांच्या कडांनी तळपाय फाटतात.

टप्पा ६ : पोहोचल्यावर ओहोटीची पाहणी

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. पोहोचल्याच्या दिवशी संध्याकाळी पाणी उतरलेले असताना दुर्बीण खोलीत ठेवून पूर्ण कुटुंबाने खाडीच्या मुखापर्यंत चालून यावे. महाशिवरात्रीच्या आसपास संध्याकाळची ओहोटी पावणेपाचला येते, म्हणजे वेळही जुळते.

या फेरीत चार गोष्टी पाहायच्या. चिखल कुठे आहे आणि कोरडी वाळू कुठे. भरतीची रेघ, म्हणजे काटक्या-शेवाळ-शिंपल्यांची ओळ, किती वर आहे. पक्ष्यांचे पायठसे आणि शिट कुठे जास्त आहे, कारण विश्रांतीची जागा बहुधा तीच असते. आणि सुरूच्या झाडांची सावली सकाळी कुठे पडेल. या चारींवरून उद्याची बसण्याची जागा ठरते. ती जागा भरतीच्या रेघेच्या वर, थव्याच्या विश्रांतीच्या जागेपासून किमान साठ-सत्तर पावले बाजूला असावी. थवा आणि पाणी यांच्या मध्ये कधीही बसू नये.

इशारा : खाडीच्या मुखाशी वाळूची पट्टी मधोमध उंच आणि किनाऱ्याकडच्या बाजूला खोलगट असते. पाणी चढताना आधी तो मागचा खोलगट भाग भरतो, आणि पट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला पुढचे पाणी दूर दिसत असतानाच मागची वाट बंद झालेली असते. धरणाच्या काठी वाढलेल्या आपल्या मुलांना पाणी मागून येऊ शकते ही कल्पनाच नसते. चढत्या पाण्यात पट्टीवर जायचे नाही, हा नियम सहलीच्या पहिल्याच संध्याकाळी, जागा दाखवून सांगावा. कांदळवनातील चिखलातही उतरू नये. वरून टणक दिसला तरी पाय गुडघ्यापर्यंत जातो. गाडी वाळूवर उतरवण्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नसावी, तरी दर सहलीत एक तरी गाडी दोरखंडाने ओढून काढताना दिसते.

टप्पा ७ : बैठक

भरतीच्या तीन तास आधी जागेवर पोहोचावे, चटई टाकावी आणि खाली बसावे. उभा माणूस थव्याला माणूस दिसतो. बसलेला, थोड्या वेळाने, खडकासारखा वाटू लागतो. पहिली पंधरा-वीस मिनिटे काहीच घडत नाही आणि नेमक्या याच वेळी घरातील कोणीतरी ‘थोडं पुढे जाऊन पाहू या का’ असे म्हणते. पुढे जाऊ नये. पाणी पक्ष्यांना आणणारच आहे.

पाहण्याचा क्रम असा ठेवावा. आधी उघड्या डोळ्यांनी संपूर्ण काठ पाहून थवे कुठे आहेत ते ठरवावे. मग आकाराने वाटणी करावी : टिटवीपेक्षा लहान, टिटवीएवढे, कोंबडीएवढे. त्यानंतर दुर्बीण लावून थव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश जावे आणि वेगळा दिसणारा एक पक्षी निवडून त्याच्यावर पूर्ण तीन मिनिटे थांबावे. सगळे पाहण्याच्या घाईत कोणताच नीट न पाहणे हा नवख्या माणसाचा हमखास दोष आहे.

थवा बिथरण्याआधी खुणा देतो. खाणे थांबते, माना एकदम उंच होतात, काही पक्षी पाठ फिरवून चालू लागतात. इतके दिसले की हालचाल थांबवावी किंवा दोन पावले मागे सरकावे. मार्चमध्ये याचे महत्त्व जास्त आहे, कारण हे पक्षी परतीच्या तयारीत असतात. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटसारख्या उंच पठारांवर वीण घालतो, वाळू-चिखल्याही हिमालय आणि त्यापलीकडच्या प्रदेशांत जातात, आणि त्या प्रवासासाठी लागणारी चरबी ते याच चिखलावर साठवत असतात. मुलांनी थव्यात धावत जाऊन तो उडवला की तो दिसायला छान दिसतो, पण ओहोटीच्या मोजक्या तासांत मिळवलेली चरबी त्याला अशी वारंवार उधळावी लागते. कुरवांना शेव-गाठ्या फेकण्याचाही मोह टाळावा.

सर्वांना एकाच बैठकीत बांधून ठेवू नये. अडीच तासांची बैठक दोन पाळ्यांत वाटावी. लहान मुलांना भरतीच्या आधीच्या शेवटच्या तासालाच आणावे, कारण त्या वेळी पक्षी सर्वांत जवळ असतात. आजी-आजोबांसाठी घडीची खुर्ची न्यावी. आमच्याकडे पहिला समुद्र गरुड आजींनीच दाखवला, कारण खाली वाळूकडे न पाहता आकाशाकडे पाहणारे त्या बैठकीत दुसरे कोणीच नव्हते.

भरती पूर्ण होण्याच्या थोडे आधी उठावे. पक्षी विश्रांतीला एकत्र येत असताना आपण चटई झटकत उभे राहिलो, तर त्यांना त्या दिवसाची हक्काची जागा सोडावी लागते.

टप्पा ८ : ओळख पटवणे

वसंताच्या सुरुवातीला रंग फसवतात. याच महिन्यात पक्षी हिवाळी पिसे टाकून विणीची पिसे धारण करत असतात, त्यामुळे एकाच थव्यातल्या एकाच जातीच्या पक्ष्यांत एकाचे डोके पांढरे, दुसऱ्याचे चट्ट्यापट्ट्यांचे आणि तिसऱ्याचे पूर्ण गडद असते. हे तीन वेगळे पक्षी समजून यादी वाढवू नये. आकार, चोच, पाय, चाल आणि उडताना पंखांवर दिसणारी नक्षी या क्रमाने जावे, रंग शेवटी.

चिखल्या. केंटिश चिखल्याच्या मानेमागून पांढरा पट्टा पूर्ण जातो. वाळू-चिखल्याच्या मानेमागे पांढरे नसते. मार्चमध्ये वाळू-चिखल्याच्या छातीवर विटकरी रंग चढू लागतो. वाळू-चिखल्यांतला लहान कोणता आणि मोठा कोणता याचा निकाल पहिल्या सहलीत लावायला जाऊ नये. ‘वाळू-चिखल्या’ एवढी नोंद प्रामाणिक आहे.

कुरव. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा हे दोन एकत्र असतात आणि फेब्रुवारीत दोघांच्याही डोक्यावर फक्त कानामागचा ठिपका असतो. म्हणून ते उडण्याची वाट पाहावी. तपकिरी डोक्याच्या प्रौढ पक्ष्याच्या पंखाचे टोक काळे आणि त्यात पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या पंखाची बाहेरची पुढली कडा पांढरी दिसते. जवळून पाहता आले तर तपकिरी डोक्याच्या प्रौढाचा डोळा फिका, दुसऱ्याचा गडद.

सुरय. इथे चोच पुरते. जाड काळी, नारिंगी-पिवळी, आणि मोठी लालभडक, या तीन चोचींवरून तीन वेगळ्या जाती सुटतात.

कोरल. कोंबडीएवढा, खाली वाकलेल्या लांब चोचीचा. तो चुकत नाही. त्याचा छोटा भाऊबंद शेजारी असेल तर त्याची चोच तुलनेने आखूड आणि डोक्यावर पट्टे दिसतात.

किनारी बगळा. बहुतेक जण पांढरा बगळाच शोधतात. याचे राखाडी-काळसर रूपही असते, गळा पांढरा, आणि तेच खडकांवर जास्त लवकर नजरेत भरते.

मोबाईलवरील ओळख सांगणाऱ्या ॲपवर पूर्ण भिस्त ठेवू नये. दूरच्या चिखल्याच्या अंधूक फोटोवरून ते उत्तर देते, पण ते उत्तर बरोबर असेलच असे नाही. आधी वहीत चार ओळी लिहाव्यात, मग ॲप उघडावे.

टप्पा ९ : उरलेला दिवस

भर दुपारी काहीही पाहायला जाऊ नये. सकाळी उजाडताच, बैठकीच्या आधी, नारळी-पोफळीच्या वाडीत अर्धा तास घालवता येतो. धनेश तिथे आवाजावरून सापडतो. या दिवसांत धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते आणि नर तिला चारा आणतो. नर एकाच झाडावर वारंवार येताना दिसला तर त्या झाडाखाली उभे राहू नये आणि जागा कुणाला कळवू नये.

संध्याकाळसाठी दापोलीच्या बाजूला असणाऱ्यांनी हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव गाठावा. प्रकाश समोरून असला तरी कुरव आणि ब्राह्मणी घारी इतक्या जवळ येतात, की दुर्बिणीची फारशी गरज पडत नाही. शाकाहारी मंडळींना वासाची पूर्वकल्पना द्यावी. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे याच काळात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जातात. मुलांना ते दाखवणार असाल तर सकाळची बैठक त्या दिवशी सोडावी. दोन्हीकडे धावल्यास दोन्ही हुकतात. रात्री किनाऱ्यावर बॅटरीचा उजेड टाकत फिरू नये, उजेडाने पिल्लांची दिशा चुकते.

टप्पा १० : नोंद आणि आवराआवर

नोंद त्याच दुपारी करावी, परत आल्यावर नव्हे. तारीख, तिथी, ठिकाण, बसल्याची आणि उठल्याची वेळ, त्या दिवशीच्या भरतीची वेळ, पक्ष्याचे नाव आणि संख्या असे रकाने वहीत आखावेत. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरणाऱ्यांनी भरतीची वेळ शेऱ्यात लिहावी. ओळख न पटलेल्या पक्ष्यासमोर नाव न लिहिता वर्णन लिहावे.

दुर्बिणीच्या भिंगावर खारी वाफ आणि वाळूचे कण बसलेले असतात. कोरड्या रुमालाने पुसल्यास तेच कण भिंगावर ओरखडे पाडतात. आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने कण झाडावेत, मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती फडक्याने नळ्या, बिजागरी आणि चक्र पुसावे, भिंग सर्वांत शेवटी चष्म्याच्या फडक्याने. हे काम मुक्कामाच्या प्रत्येक संध्याकाळी करायचे आहे. घरी आल्यावर दुर्बीण एक दिवस पंख्याखाली उघडी ठेवून मगच पिशवीत भरावी, आणि पिशवीही उलटी करून झटकावी. आक्षीची वाळू आमच्या पिशवीतून पुढच्या दिवाळीपर्यंत निघत होती.